‘ओरिजिनल टाकलं’ म्हणू नका, मशीनचा नंबर लिहा



या आठवड्याचा व्हिडिओ मनगटी घड्याळाचं जपानी क्वार्ट्झ मशीन कसं बदलायचं यावर होता. हात कसे चालतात ते व्हिडिओत दिसतं. पण धंदा कसा चालतो आणि कसा बुडतो हे सांगायला तिथे वेळ पुरला नाही, म्हणून ते इथे लिहितोय. हे माझं स्पष्ट मत आहे. पटलं नाही तर खाली कमेंटमध्ये भांडा, पण आधी पूर्ण वाचा.

माझं मत एका वाक्यात सांगतो. घड्याळाचं मशीन बदलणं हा आपल्या अमरावती-अकोल्यात कमी भांडवलाचा चांगला जोडधंदा आहे, पण तो टिकेल फक्त त्याचाच, जो अंदाजाने नाही तर मापाने काम करतो आणि काय टाकलं ते गिऱ्हाइकाला लिहून देतो.

काम बदललं, कारागिरी नाही मेली

राजकमल चौक असो की अकोल्याचा गांधी रोड, डोळ्याला भिंग लावून बसणारा जुना घड्याळवाला तुम्ही पाहिला असेल. त्याच्या उमेदीच्या काळात बहुतेक मनगटांवर एचएमटी होती. एचएमटीने घड्याळं बनवायला सुरुवात केली १९६१ साली, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. चावी द्यायची, स्प्रिंग आवळायची, तेल द्यायचं, चाकं धुवायची. दुरुस्ती म्हणजे खरोखरच दुरुस्ती होती.

मग क्वार्ट्झ आलं. जपानच्या सिकोने २५ डिसेंबर १९६९ ला पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं, किंमत साडेचार लाख येन. तेव्हा ती श्रीमंतांची चीज होती. पुढे भाव कोसळले. आपल्याकडे १९८० च्या दशकात टायटन क्वार्ट्झ घेऊन उतरली आणि चावी द्यायची सवयच सुटली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

आज स्वस्त आणि मध्यम किमतीच्या घड्याळांत खूप ठिकाणी जे मशीन सापडतं ते मियोटाचं. आणि मियोटा म्हणजे कोण? सिटिझनचाच मशीन बनवणारा कारभार. म्हणजे आजोबांच्या एचएमटीमागे जो जपानी हात होता, तोच नातवाच्या फॅन्सी घड्याळातही आहे.

जुने लोक म्हणतात, “आता काय कारागिरी उरली? जुनं काढलं, नवं टाकलं.” मला हे अर्धंच पटतं. चाकं दुरुस्त करण्याची कारागिरी कमी झाली हे खरं. पण नेमकं कोणतं मशीन, किती उंचीचं, कोणत्या सेलचं, कोणत्या दांडीचं, हे ओळखणं हीसुद्धा कारागिरीच आहे. आणि ही शिकायला दहा वर्षं लागत नाहीत.

मशीनमध्ये आहे तरी काय

धंदा करायचा तर माल कळला पाहिजे. सोप्या भाषेत सांगतो.

सेल वीज देतो. त्या विजेने क्वार्ट्झचा एक बारीकसा चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा उगाच नाही. त्याला पंधरा वेळा अर्धं करत गेलात की बरोबर एक उरतो. हे अर्धं करण्याचं काम सर्किट करतं आणि सेकंदाला एक झटका कॉइलला देतं. कॉइलजवळचं छोटं चुंबक अर्धा फेरा फिरतं, ते चाकांना ढकलतं आणि काटा एक घर पुढे जातो. संपलं. सेल, क्वार्ट्झ, सर्किट, कॉइल, चाकं. बिघाड यांच्यापैकीच कुठेतरी असतो.

आता सगळ्यात जास्त भेटणारं मशीन घ्या, मियोटा २०३५. तीन काटे, तारीख नाही. माप ६¾ × ८ लाईन. ‘लाईन’ हे घड्याळाच्या धंद्यातलं जुनं फ्रेंच माप, एक लाईन म्हणजे साधारण २.२६ मिलिमीटर. जाडी ३.१५ मिलिमीटर. सेल एसआर ६२६ एसडब्ल्यू, ज्याला दुकानात आपण ३७७ नंबरचा सेल म्हणतो. सेलचं आयुष्य सुमारे तीन वर्षं. अचूकता महिन्याला २० सेकंद पुढे किंवा मागे.

तारीख हवी असेल तर मियोटाचंच २११५ भेटतं, ते आकाराने मोठं, सेल मात्र तोच ३७७. सिकोच्या घराण्यातलं व्हीएक्स ४३ वार आणि तारीख दोन्ही दाखवतं, पण तिथे सेल वेगळा, ३७१ नंबरचा. हे तीनच नंबर पाठ केले तरी काउंटरवर तुमचा हात थरथरणार नाही.

आकडा वाचता आला तर गिऱ्हाईक फसत नाही

महिन्याला २० सेकंद म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त चार मिनिटं. तेवढा फरक हा बिघाड नाही, तो कंपनीनेच सांगितलेला हिशोब आहे. पण कोणी म्हणालं, “भौ, घडी रोज पाच मिनिट मागं जाते,” तर समजा, तो क्वार्ट्झचा दोष नाही. एकतर सेल अर्धमेला आहे, नाहीतर चाकांत घाण अडकली आहे, नाहीतर काटे एकमेकांना किंवा डायलला घासताहेत.

आपल्या भागासाठी अजून एक गोष्ट. हा क्वार्ट्झचा चिमटा साधारण २५ अंशांना सर्वात बरोबर चालतो. त्यापेक्षा गरम झाला की मागे पडतो, थंड झाला तरी मागेच पडतो. कंपन्यांची अचूकता साधारण ५ ते ३५ अंशांच्या हवेसाठी सांगितलेली असते. आता अकोल्याचा मे महिना आठवा. पारा ४५ वर. अशा उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत टेबलावर पडून राहिलेलं घड्याळ दिवसाला एखादा सेकंद मागे पडू शकतं. मनगटावर असेल तर अंगाची ऊब त्याला सांभाळते. हे माहीत असलेला पोरगा गिऱ्हाइकाला शांतपणे समजावतो. माहीत नसलेला नवं मशीन विकतो.

आधी तपासा, मग उघडा खिसा

माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. घड्याळ बंद दिसलं की लगेच “मशीन गेली” म्हणायची सवय. बंद पडलेल्या प्रत्येक घड्याळाला नवं मशीन लागत नाही. क्रमाने बघा.

१. चावी बाहेर ओढलेली आहे का? वेळ लावताना ओढलेली चावी आत दाबायची राहून जाते आणि घड्याळ थांबतं. आत दाबा, चालू झालं तर पैसे घेऊ नका. तो माणूस पुढच्या वेळी चार घड्याळं घेऊन येईल.

२. सेल मीटरवर मोजा. चांगला सिल्व्हर सेल १.५५ व्होल्टच्या आसपास दाखवतो. काही मशीनमध्ये सेल संपत आला की सेकंद काटा एकेक घर न जाता दोन-दोन सेकंदांची उडी मारतो. तो इशारा असतो, आजार नाही.

३. सेल गळला आहे का? संपलेला सेल महिनोन्महिने आत राहिला की त्यातलं रसायन बाहेर येतं आणि पत्ती, सर्किट खाऊन टाकतं. हिरवट-पांढरं बुरशीसारखं दिसलं की समजा. इथे मशीन बदलणंच बरं.

४. कॉइल मीटरवर बघा. तार तुटली असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. बोटाने किंवा स्टीलच्या चिमट्याने कॉइलला हात लावू नका, केसाहून बारीक तार असते.

५. काटे सरळ आहेत का? वाकलेला एक काटा चांगलं मशीन बंद पाडतो.

यातली बरीच कामं मशीन न बदलता होतात. इमानदारीने सांगा आणि फक्त तपासणीचे पैसे घ्या. यात नुकसान नाही, ओळख तयार होते.

सेलबद्दल वेगळं सांगतो, कारण चोरी इथेच जास्त होते. एसआर ने सुरू होणारा सेल सिल्व्हरचा, एलआर ने सुरू होणारा अल्कलाईन. ३७७ च्या जागी एजी ४ म्हणजेच एलआर ६२६ अगदी फिट बसतो. स्वस्तही पडतो. पण त्याचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो, लवकर संपतो आणि गळण्याची भीती जास्त. सिल्व्हरचा शेवटपर्यंत जवळजवळ एकसारखा राहतो. भाव सिल्व्हरचा घेऊन अल्कलाईन टाकणं म्हणजे दुधात पाणी. गिऱ्हाइकाला आज कळत नाही, सहा महिन्यांनी कळतं.

बदलायचंच असेल तर माप घ्या

जुन्या मशीनवर मागच्या बाजूला नंबर असतो. तो भिंगाने वाचा आणि फोटो काढा. मग एवढ्या गोष्टी जुळवा: मशीनचा आकार, जाडी, काटे बसतात त्या खुंट्यांची उंची, डायलचे पाय कुठे आहेत, तारखेची खिडकी ३ वर आहे की ६ वर, आणि काट्यांची भोकं. काही मशीन एकाच नंबरात वेगवेगळ्या उंचीची मिळतात. जाड डायलला बुटकं मशीन लावलं तर काटे बसत नाहीत. पातळ डायलला उंच लावलं तर सेकंद काटा काचेला घासतो. “नंबर तर तोच आहे, मग का चालत नाही?” हा प्रश्न बहुतेक वेळा उंचीचा असतो.

काम करताना चार गोष्टी सोडू नका. सेल प्लॅस्टिकच्या चिमट्याने धरा, धातूच्या चिमट्याने दोन्ही टोकं जोडली जातात आणि नवा सेल तिथेच उतरतो. काटे काढताना डायलवर पातळ प्लॅस्टिक ठेवा, ओरखडा पडला की तो तुमच्या नावावर. तारखेच्या घड्याळात काटे बसवण्याआधी चावी फिरवा, तारीख बदलली की तिथेच थांबा आणि सगळे काटे १२ वर बसवा. नाहीतर तारीख दुपारी चारला बदलेल आणि गिऱ्हाईक संध्याकाळी दारात उभं राहील. चौथी गोष्ट चावीची दांडी. नव्या मशीनसोबत लांब दांडी येते. जुनीशी माप लावून थोडी-थोडी कापा, कानशीने घासा. जास्त कापली तर परत लांब होत नाही.

झाकण लावताना रबराची रिंग नीट बसवा. आणि स्पष्ट सांगा: “दादा, आता याला पाण्यात घालू नका.” मागे ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असलं तरी उघडलेलं घड्याळ दाबाच्या यंत्रावर तपासल्याशिवाय ती खात्री तुम्ही देऊ शकत नाही. ओलितावर जाणाऱ्या कास्तकाराला हे आधी सांगितलं तर तो ऐकतो. नंतर सांगितलं तर भांडतो, आणि त्याचं बरोबर असतं.

‘ओरिजिनल’ हा बाजारातला सगळ्यात खोटा शब्द

आता मूळ मुद्दा. काउंटरवरचं हे बोलणं तुम्ही ऐकलं असेल.

“भौ, दोनच महिने झाले, पुन्हा बंद पडली घडी. ओरिजिनल टाकली होती ना मशीन?”

“हाव दादा, ओरिजिनलच टाकली.”

कोणती ओरिजिनल? कोणत्या कंपनीची? कोणता नंबर? दोघांकडेही पुरावा नाही. गिऱ्हाईक मनातल्या मनात ठरवतं की हा चोर आहे. आणि खरोखर चांगलं मशीन टाकणारा प्रामाणिक माणूसही त्याच शिक्क्याने मारला जातो. डायलवर खाली बारीक अक्षरात ‘जपान मूव्हमेंट’ लिहिलेलं असतं, त्याचाही अर्थ एवढाच की मशीन जपानी कंपनीचं, घड्याळ कुठेही जोडलेलं असू शकतं. त्यातलं मशीन काढून दुसरं स्वस्त टाकलं तर डायल काही बोलत नाही. ती तसंच ‘जपान’ सांगत राहते.

म्हणून माझा आग्रह आहे, छोटं छापील बिलबुक करा आणि त्यावर पाच ओळी भरा. जुन्या मशीनचा नंबर. नव्या मशीनची कंपनी आणि नंबर. सेलचा नंबर. मशीनचे पैसे आणि मजुरी वेगवेगळी. हमी किती महिन्यांची आणि कशाची. आणि जुनं मशीन छोट्या पुडीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात परत द्या. ते त्याचं आहे, तुमचं नाही.

काही जण म्हणतील, “सर, भाव फोडून सांगितला तर मजुरीवर घासाघीस होईल.” होईल. होऊ द्या. मजुरी ही तुमच्या हाताची किंमत आहे, ती लपवायची कशाला? जो मजुरी मशीनच्या भावात लपवतो, त्याला भाव वाढवायला स्वस्त मशीन टाकावंच लागतं. तिथून घसरण सुरू होते. उलट समोरचा स्वस्त मशीन मागत असेल तर तेही टाका, पण तेच लिहा. स्वस्त माल विकणं गुन्हा नाही. स्वस्ताला महाग म्हणणं गुन्हा आहे.

आणि ड्रॉवरमधलं घड्याळ म्हणजे काय असतं? कोणाच्या लग्नात सासऱ्याने दिलेलं. कोणाच्या वडिलांना निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेलं. वडील गेले, घड्याळ आहे. असं घड्याळ माणूस नव्याच्या भावाचा विचार न करता दुरुस्तीला देतो. अशा वेळी दोनशे रुपयांसाठी केलेली लबाडी फार स्वस्तात विकलेली इज्जत असते.

एचएमटीला क्वार्ट्झ लावू नका

हे वेगळ्याने सांगणं गरजेचं आहे. तुमच्याकडे चावीची एचएमटी आली, जनता असो की पायलट, तर तिचं मशीन काढून क्वार्ट्झ बसवायचा मोह होईल. गिऱ्हाईकही म्हणेल, “कटकट नको, सेलवाली करून द्या.” नाही म्हणा. ते कारखाने बंद झाले आहेत, ती मशीन पुन्हा बनणार नाहीत आणि शौकीन लोक आज ती घड्याळं शोधत फिरतात. असं काम तुमच्या गावातल्या जुन्या कारागिराकडे पाठवा. त्याच्याकडे तेल-सफाईचं ज्ञान आहे, तुमच्याकडे फोन, फोटो आणि नव्या मालाचा पुरवठा आहे. तो चावीची घड्याळं करेल, तुम्ही सेलची करा. दोघांचंही भागेल. आठवड्यातून एक दिवस त्याच्या शेजारी बसायला मिळालं तर कोणत्याही महागड्या कोर्सपेक्षा जास्त शिकाल.

हिशोब, स्वप्न नाही

आता पैशाचं. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमच्या ठोक व्यापाऱ्याकडून खरे भाव घ्या.

समजा मशीन २०० रुपयांना पडलं. रबर रिंग आणि किरकोळ १० रुपये. शिकताना दहात एक मशीन तुमच्या हातून बिघडेल असं धरून चाला, म्हणजे प्रत्येक कामावर २० रुपये. मजुरी २०० लावली. बिल झालं ४३०. महिन्यात अशी २४ कामं आली तर मजुरी ४,८०० रुपये. सेल बदलण्याची दिवसाला आठ कामं, प्रत्येकी ४० रुपये सुटले आणि २५ दिवस दुकान उघडं, तर ८,०००. एकूण १२,८००. त्यातून जागेचं भाडं, वीज.

दिसलं? एवढ्यावर घर चालत नाही. म्हणून नोकरी सोडून, कर्ज काढून घड्याळाचं दुकान टाकू नका. मोबाईल दुरुस्ती, चष्म्याचं दुकान, भेटवस्तूंचं दुकान, जिथे आधीच काउंटर आणि भाडं भरलेलं आहे, तिथे हे कोपऱ्यात बसवा. तिथे हेच १२,८०० जवळजवळ निव्वळ भर ठरतात.

आणि पहिल्या दिवशी शंभर मशीन आणू नका. सुरुवातीला आलेल्या तीस घड्याळांचे नंबर वहीत लिहा. जे चार-पाच नंबर पुन्हा पुन्हा येतात तेवढ्यांचाच साठा करा, बाकी मागणीप्रमाणे मागवा. आपल्याकडे कापूस-सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास हातात येतो आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. साठा त्या आधी भरा, भर पावसाळ्यात नाही.

हात बसवायला भिंतीवरच्या घड्याळापासून सुरू करा. तेही क्वार्ट्झच, पेन्सिल सेलवर चालणारं, मोठं मशीन, मोठे काटे. तिथे फक्त डायलच्या जाडीप्रमाणे नळीची लांबी बघावी लागते. शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना, सगळीकडे एखादं तरी बंद लटकलेलं असतं.

“सर, आता घड्याळ कोण घालतं?”

हा प्रश्न येणारच. वेळ बघायला मोबाईल आहे, मान्य. पण लग्नात नवरदेवाला घड्याळ अजून देतात, मोबाईल हातावर मिरवता येत नाही. स्मार्टवॉचने काही गिऱ्हाईक नेलं, तेही मान्य. हा वाढणारा धंदा आहे असं मी म्हणतच नाही. मी म्हणतो, काम आहे आणि नीट करणारे कमी होताहेत. मागणी थोडी घटली आणि कारागीर त्याहून जास्त घटले, तर उरलेल्या चांगल्या माणसाला काम पुरतं.

शिवाय इथे शिकलेली सवय फक्त घड्याळापुरती नाही. मोटरपंप असो, मिक्सर असो की मोबाईलची बॅटरी, जुना नंबर वाचा, माप जुळवा, काय टाकलं ते लिहा, जुनं परत द्या. वऱ्हाडात तोंडी शब्दावर धंदा चालायचा, कारण माणसं एकमेकांना ओळखत होती. आता शहर वाढलं, अनोळखी गिऱ्हाईक येतं. त्याच्यासाठी तुमचा शब्द म्हणजे तुमचं बिल.

या आठवड्याचं काम: घरातली बंद घड्याळं काढा, वरच्या पाच पायऱ्यांनी तपासा आणि किती फक्त सेलवर चालू झाली ते कमेंटमध्ये लिहा. मशीनचा नंबर दिसला तर तोही लिहा. पुढच्या व्हिडिओत बिलबुकाचा नमुना दाखवतो.

भेटू राजेहो!